नॅचरल गॅसची शेगडी प्रोपेनवर करून घेतली, पण ज्योत काही बसत नाहीये, मदत हवी आहे

ओवी_पोकोनोज | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय कारण खरंच अडलंय.

आम्ही एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेन्सिल्व्हेनियात पोकोनोजच्या बाजूला राहायला आलो. तिकडे रस्त्याखालून नॅचरल गॅसची लाईन होती, इकडे आमच्या रस्त्याला लाईनच नाही, प्रत्येकाच्या घरामागे प्रोपेनची टाकी. आमच्याकडेही आहे, आधीच्या मालकांनी फायरप्लेस आणि ड्रायरसाठी घेतलेली, स्वयंपाकघरात मात्र इलेक्ट्रिक कॉईल होती. एडिसनचं घर विकताना मी करारातच लिहून घेतलं होतं की पाच बर्नरचा कुकटॉप आम्ही सोबत नेणार, कारण तो माझ्या नवऱ्याने पहिल्या बोनसमधून घेतलेला आणि त्याच्यावर माझा हात बसलेला. त्याच्या मूळ खोक्यात प्रोपेनचं कन्व्हर्जन किटही न उघडलेलं होतं, छोट्या पिशवीत पितळी जेटं (ज्यांच्या बारीक भोकातून बर्नरला गॅस सुटतो ते तुकडे) आणि एक घडी घातलेला कागद.

प्रोपेन कंपनीने टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत लाईन आणि कॉक बसवून दिला, लाईन तपासून दिली. पण शेगडी जोडायला त्यांची तारीख तीन आठवड्यांनी मिळत होती आणि आई सांगलीहून दोन दिवसांत येणार होती, म्हणून मी इकडचा एक घरकाम-दुरुस्ती करणारा माणूस बोलावला. त्याने पाचही जेटं बदलली, नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बघितलं, पेटवून दाखवली आणि गेला.

आता त्रास असा, की मोठ्या आचेला दम नाही. एक लिटर दूध तापायला इतका वेळ लागतो की आई मधेच जाऊन आंघोळ करून येते. ज्योत पिवळसर, मऊ, हलणारी. आणि याच्या बरोबर उलटं म्हणजे सिमवर केलं की आच हवी त्यापेक्षा मोठी राहते, भात दोनदा तळाला लागला. आई ज्वारीची भाकरी करायला बसली, तव्यावरून काढून जाळावर धरली तर फुगेना, आणि कडेला काळा पट्टा उमटला. तवा उलटा केला तर पाठीला काजळी, बोट फिरवलं की बोट काळं. आई म्हणाली, "जाळ उभा राहत नाहीये गं, आडवा पडतोय."

जेटं तर बदलली. मग राहिलं काय? कुणी या प्रकारातून गेलं आहे का?

मनवा_ओहायो | शुक्रवार, रात्री १०:१५

ओवी, वाईट वाटलं वाचून. आम्ही सरळ इंडक्शन घेतलं तीन वर्षांपूर्वी आणि आता गॅसचं नाव काढत नाही. दूध चार मिनिटांत, साफ करायला एक फडकं. विचार कर असं सुचवेन.

ओवी_पोकोनोज | शुक्रवार, रात्री १०:३२

मनवा, इंडक्शनचे फायदे मान्यच आहेत गं, पण इकडे हिवाळ्यात झाडं पडून वीज जाते आणि शेजारचे सांगतात की कधी कधी दोन दोन दिवस येत नाही. प्रोपेनची शेगडी काडीने पेटते. आणि भाकरी, वांग्याचं भरीत, पापड हे माझ्या घरात रोजचं आहे. मला जाळच हवाय.

केळशीकर | शनिवार, सकाळी ७:०५ (भारतातून)

ताई, आमच्याकडे उलट घडलेलं पण तेच दुखणं, म्हणून लिहितो. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि तिथली शेगडी गावी दापोली तालुक्यात घेऊन आलो. पुण्यात पाईपलाईनचा गॅस होता, जोडणीच्या वेळी फिटरने येऊन शेगडीच्या जेटांना ड्रिल मारून भोकं मोठी केली होती आणि हे आम्ही साफ विसरलो. गावी सिलेंडर लावला आणि काडी ओढली तर भसकन हातभर पिवळा जाळ वर आला, वडिलांच्या हाताचे केस जळले. रेग्युलेटर बंद केला म्हणून निभावलं. दापोलीच्या गॅस शेगडीवाल्याने सिलेंडरची नवीन जेटं बसवून दिली, सत्तर का ऐंशी रुपये घेतले, तेव्हापासून व्यवस्थित. मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही, जेटच बदलावं लागतं. पण तुमची तर जेटं बदललीत म्हणता, मग मलाही कळेना. नाना बघा जरा.

नाना_चिंचवड | शनिवार, सकाळी ८:२० (भारतातून)

ओवी, पहिली गोष्ट आधी. काजळी दिसतेय म्हणजे गॅस पुरता जळत नाहीये, आणि पुरता न जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नसतो. हे निस्तरेपर्यंत ती शेगडी वापरू नका. घरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का आणि त्याची बॅटरी चालू आहे का ते आजच्या आज बघा. दोन दिवस कॉईलवर किंवा मायक्रोवेव्हवर भागवा, आईंना माझं नाव सांगा.

आता दुखण्याबद्दल. मी एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलर आणि भट्ट्यांचे बर्नर सांभाळले, त्यामुळे तुमच्या आईंनी जे सांगितलं त्यावरूनच मला निम्मं कळलं. जाळ आडवा पडतोय म्हणजे प्रेशर कमी आहे आणि गॅसबरोबर हवा पुरेशी ओढली जात नाही.

नॅचरल गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनफूट जाळला तर साधारण १,००० बीटीयू उष्णता. प्रोपेन एक घनफूट जाळला तर साधारण २,५००. अडीच पट. म्हणून भोक लहान लागतं, हे सगळ्यांना कळतं. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. एक घनफूट मिथेन पुरता जळायला साडेनऊ घनफूट हवा लागते, प्रोपेनला जवळजवळ चोवीस. ही हवा कुठून येते? जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि जाता जाता शेजारची हवा खेचून बर्नरमध्ये नेतो. अडीच पट हवा ओढायची तर गॅस जोरात सुटला पाहिजे. म्हणून प्रोपेनला भोक लहान आणि प्रेशर जास्त, दोन्ही एकत्र लागतं. एक केलं आणि दुसरं राहिलं तर तुमच्यासारखं होतं.

अमेरिकेतल्या कुकटॉपच्या पोटात, गॅस आत शिरतो तिथे, एक छोटा रेग्युलेटर असतो. नॅचरल गॅसला तो बहुतेक ५ इंच वॉटर कॉलमवर (म्हणजे पाणी नळीत ५ इंच वर चढवेल एवढं प्रेशर, काहींत ४) आणि प्रोपेनला १० वर लावलेला असतो. तो त्या माणसाने बदलला का, हे विचारा. माझा अंदाज, नाही.

केळशीकर, तुमच्याकडे नुसत्या जेटांवर का भागलं ते यातच आहे. आपल्याकडच्या शेगडीत असा रेग्युलेटर नसतोच. प्रेशर बाहेरून ठरून येतं, सिलेंडरवरच्या रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलीबार आणि पाईपलाईनच्या मीटरकडून सुमारे २१. शेगडीत बदलायला फक्त जेट उरतं. म्हणून आपल्या लोकांच्या डोक्यात जेट बदललं की झालं हे पक्कं बसलेलं असतं.

ओवी_पोकोनोज | शनिवार, दुपारी १२:१०

नाना, मनापासून धन्यवाद. अलार्म आहे, जिन्यापाशी, बटण दाबून बघितला, वाजला. शेगडीचा कॉक खालून बंद केलाय.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे ओट्याखालचं कपाट रिकामं करून टॉर्च घेऊन आत गेले. नळी जिथे शेगडीला जोडली आहे तिथे चौकोनी राखाडी रंगाचा डबीसारखा भाग आहे, त्याच्यावर षटकोनी टोपण, आणि टोपणावर कोरलेली अक्षरं वाचली: नॅट (नॅचरल गॅससाठीचं). एलपी (प्रोपेनसाठीचं) नाही. नॅट.

म्हणजे तुमचा अंदाज बरोबर. किटच्या कागदावरही हे चित्र आहे, तिसऱ्या पानावर. त्या माणसाने पहिलंच पान बघितलं असणार. मी स्वतः तो कागद वाचायला हवा होता, तो चार वर्षं माझ्याच घरात होता.

पण एक कळत नाहीये. प्रेशर कमी आहे म्हणून मोठी आच मरतुकडी, हे पटलं. मग सिमवर आच जास्त कशी?

नाना_चिंचवड | शनिवार, दुपारी ३:४५

फार चांगला प्रश्न विचारलात, कारण दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्या माणसाने दोन्ही सोडली आहेत.

नॉब पूर्ण उघडा असतो तेव्हा किती गॅस जायचा ते जेटचं भोक ठरवतं. नॉब सिमवर आणला की वाट जवळजवळ बंद होते आणि कॉकच्या आतल्या एका बारीक आडवाटेने थोडासा गॅस जातो. त्या आडवाटेवर एक छोटा स्क्रू असतो, बायपास स्क्रू म्हणतात. म्हणजे सिमला जेटचा संबंध फारसा राहत नाही, त्या स्क्रूचा राहतो. तो अजून नॅचरल गॅसच्या मापाचा आहे आणि त्यातून जातोय अडीच पट ताकदीचा प्रोपेन.

मी कागदावर आकडेमोड केली. उष्णता ही भोकाच्या क्षेत्रफळावर, गॅसच्या ताकदीवर आणि प्रेशर भागिले घनता याच्या वर्गमुळावर जाते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, नॅचरल गॅस हवेच्या ०.६ पट. सगळं घातलं तर असं येतं:

मोठ्या आचेला, प्रोपेनची जेटं पण प्रेशर ५ वरच, तर उष्णता हवी त्याच्या ७० टक्के. सिमला, नॅचरल गॅसचा स्क्रू आणि प्रेशर ५, तर उष्णता हवी त्याच्या दीडपट. तुमची दोन्ही लक्षणं तंतोतंत.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथे माणूस घाबरतो. रेग्युलेटर एलपीवर फिरवला की मोठी आच सुधारेल पण सिम आणखी वाढेल, दुपटीच्याही वर जाईल. काही बिघडलं असं समजू नका. त्यानंतर बायपास स्क्रू लावायचे राहिलेले असतात. बऱ्याच शेगड्यांत ते प्रोपेनसाठी पूर्ण आत पिळून बसवतात, त्या स्क्रूलाच प्रोपेनच्या मापाचं भोक असतं, तर काहींच्या किटमध्ये वेगळे स्क्रू येतात. तुमचा कागद काय म्हणतो तेच खरं.

आणि हे सगळं स्वतः करू नका. प्रोपेन कंपनीच्या लायसन्सवाल्या टेक्निशियनला बोलवा, तीन आठवडे लागले तर लागू देत. त्याच्याकडे मॅनोमीटर असतो, प्रेशर मोजल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. आपण अंदाजाने सांगतोय, तो आकडा बघेल.

टेक्ससचा_तुषार | शनिवार, सायंकाळी ५:३०

थोडं अवांतर पण विषय तोच आहे म्हणून विचारतो. आई-बाबांनी भारतातून तीन बर्नरची काचेची शेगडी आणलीय, एलपीजीवाली. इकडे अपार्टमेंटमध्ये नॅचरल गॅस आहे. जेटं ड्रिल करून लावता येईल का? किंवा बार्बेक्यूचा प्रोपेनचा छोटा सिलेंडर आणून ओट्याखाली ठेवला तर? तो तर आपल्या सिलेंडरसारखाच आहे ना.

नाना_चिंचवड | शनिवार, सायंकाळी ६:०२

तुषार, दोन्ही नको रे बाबा.

सिलेंडरचं आधी सांगतो. आपल्या घरातला सिलेंडर बघून तुझी नजर सरावली आहे म्हणून हे साधं वाटतंय. तिकडे बार्बेक्यूचा वीस पौंडी सिलेंडर घराच्या आत ठेवायला परवानगी नाही, आणि त्याला कारण आहे. उन्हाळ्यात आतलं प्रेशर शंभर पीएसआयच्या वर असतं, टेक्ससच्या उन्हात त्याहून बरंच जास्त. तापून फार वाढलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर सोडतो, त्याचं कामच ते. तो गॅस ओट्याखाली सुटला तर? प्रोपेन जड, वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागेत साचतो.

आणि जेट ड्रिल करणं म्हणजे भोकाची कड खरबरीत होते, गॅसची धार वाकडी सुटते, हवा नीट ओढली जात नाही. केळशीकरांच्या शेगडीला ते त्या गॅस कंपनीच्या माणसाने त्याच्या मापाने केलं होतं. तू हॅंड ड्रिलने करशील ते वेगळं. शिवाय त्या शेगडीला तिकडचं सर्टिफिकेट नाही. उद्या काही झालं तर अपार्टमेंटवालेही हात वर करतील आणि इन्शुरन्सवालेही.

शेगडी वापरायचीच असेल तर ज्या कुणाच्या घरी अंगण आहे तिथे, मोकळ्या हवेत, ११ इंचाचा लो-प्रेशर रेग्युलेटर लावून. ११ इंच म्हणजे सुमारे २७ मिलीबार, आपल्या ३० च्या जवळ, जेटं न बदलता बरी चालते.

टेक्ससचा_तुषार | शनिवार, सायंकाळी ६:२०

नाना, बरं झालं विचारलं. बाबांना दाखवलं वाचून. शेगडी मोठ्या बहिणीकडे जाईल, तिच्याकडे अंगण आहे, गणपतीला मोदकांचे मोदकपात्र त्याच्यावर चढवू.

श्रीरंग_टोरंटो | शनिवार, रात्री ८:५०

नानांच्या लायसन्सवाल्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आमच्या ओंटारियोत गॅसचं काम टीएसएसए या इथल्या सुरक्षा नियामक संस्थेचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं, आणि मला ते आधी जाच वाटायचं. मी कॉटेजवर ओव्हनसकट अख्खी रेंज प्रोपेनवर करून घेतली तेव्हा टेक्निशियनच्या शेजारी उभा राहून बघितलं म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांना उपयोगी पडतील.

ओव्हनचे बर्नर वेगळे. तळाच्या पत्र्याखाली एक, वर ग्रिलचा एक, आणि दोघांचीही जेटं वेगळी करावी लागतात. वरच्या पाच बर्नरची जेटं बदलून लोक ओव्हन विसरतात. आमच्या ओव्हनमध्ये जेट काढून बदलायचं नव्हतंच, तेच पान्याने पिळून घट्ट बसवायचं होतं, म्हणजे आतली सुई भोकात शिरून भोक लहान करते. दुसरं म्हणजे ओव्हनच्या बर्नरला मागे एक पत्र्याची झडप असते हवेसाठी, ती थोडी जास्त उघडावी लागली. आधी ज्योत पिवळी होती, त्याने झडप हळूहळू सरकवली आणि ज्योत निळी होत गेली, जास्त उघडल्यावर फरफर आवाज करून ज्योत बर्नरवरून उचलली जायला लागली, मग किंचित मागे घेतली. ते बघताना मला फार छान वाटलं.

प्रोपेनला ज्योतीच्या टोकाला थोडासा पिवळा ठिपका राहिला तर चालतो असं त्याने सांगितलं. काजळी मात्र अजिबात नाही.

ओवी, तुमच्या कुकटॉपला अशी झडप नसेल, सील्ड (वरून बंदिस्त) बर्नरांना बहुतेक नसते.

केळशीकर | रविवार, सकाळी ७:४०

नाना, एक शंका. तिकडे ते लोक नुसता प्रोपेन वापरतात आणि आपण एलपीजी, हे दोन वेगळे का?

नाना_चिंचवड | रविवार, सकाळी ९:१५

आपला सिलेंडर म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवाचा गॅस व्हायचं बंद होतं. दापोलीत त्याने काय बिघडणार? पण पोकोनोजमध्ये जानेवारीत उणे वीसपर्यंत जातं आणि टाकी बाहेर बर्फात उभी असते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत गॅस होत राहतो, म्हणून तिकडे प्रोपेनच.

तिकडची टाकी कधीही काठोकाठ भरत नाहीत, ८० टक्क्यांवर थांबतात, उन्हाने द्रव फुगायला जागा लागते म्हणून. ओवी, तुमच्या टाकीच्या झाकणाखाली काटा असेल तो ८० च्या वर दिसणार नाही, घाबरू नका. आणि काटा २० च्या खाली गेला की गॅस मागवा, टाकी पूर्ण संपू देऊ नका. एकदा संपली की परत भरताना कंपनीला सगळ्या घराची गळती तपासणी करावी लागते, त्याचे वेगळे पैसे आणि खोळंबा.

ओवी_पोकोनोज | मंगळवार, रात्री ८:१०

मंडळी, अपडेट. प्रोपेन कंपनीला फोन करून काजळीचं सांगितलं तर त्यांनी तीन आठवडे म्हटलंच नाही, आज मंगळवारी माणूस पाठवला. मी आधीच फोनवर नीट सांगायला हवं होतं.

आलेला माणूस साठीचा असेल, शांत. आल्या आल्या म्हणाला की शेगडी बंद ठेवलीत ते बरं केलंत. आई आणि मी दोघी खुर्च्या घेऊन बसलो, आणि मी जे बघितलं ते सगळं लिहितेय.

आधी त्याने जाळ्या, टोपणं, बर्नरच्या चकत्या काढून ओळीने टॉवेलवर मांडल्या. प्रत्येक बर्नरच्या खड्ड्यात तळाशी जेट. ७ मिलीमीटरचा पाना घेऊन एकेक काढलं, पान्याच्या तोंडात कागदी टेपचा छोटा तुकडा कोंबलेला, म्हणजे जेट त्यात अडकून वर येतं, शेगडीच्या पोटात पडत नाही. जेटावर इतके बारीक आकडे कोरलेले असतात की त्याने भिंग काढलं. पाचही किटच्या कागदाशी ताडून बघितले, बरोबर होते. पहिल्या माणसाने तेवढं काम नीट केलं होतं.

मग कपाटात शिरला. गॅस बंद, टोपण उघडलं, आतून एक प्लास्टिकची पांढरी दांडी निघाली, एका टोकाला एक अक्षर आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. ती उलटी करून परत बसवली, टोपणावर आता एलपी दिसायला लागलं. एवढंच. एक इंचाचा प्लास्टिकचा तुकडा, आणि त्यापायी आमचं घर आठवडाभर काजळी खात होतं.

मॅनोमीटर लावला. दोन बर्नर चालू करून मोजलं, काटा १० वर. मला बोलावून दाखवलं.

मग पेटवलं आणि मोठी आच पाहून आई उठून उभीच राहिली. निळी, ताठ, प्रत्येक भोकातून वेगळी सुटलेली. पण सिमवर आणलं तर, नाना, तुम्ही म्हणालात तस्संच, आधीपेक्षा मोठी! आई घाबरली, मी तिला म्हटलं थांब, हे नानांनी लिहिलंय, आता स्क्रूंची पाळी आहे. त्या माणसाला मी बायपास म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा वळून बघितलं.

नॉब ओढून काढले, दांड्याच्या बाजूला एक भोक, त्यात बारीक चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घालून हळूच घड्याळाच्या दिशेने पूर्ण आत. पाचही. मग प्रत्येक बर्नर सिमवर ठेवून कपाटाचं दार दोनदा आपटून बघितलं, विझतेय का. एकही विझली नाही. झटकन मोठ्यावरून लहानावर आणलं, तरी नाही.

शेवटी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी, मिनिटभर बघत राहिला, एक बुडबुडा नाही. एकशे नव्वद डॉलर झाले. पहिल्या माणसाला दिलेले वेगळे.

मनवा_ओहायो | मंगळवार, रात्री ८:४०

वा ओवी, फार बरं वाटलं. कपाटाचं दार आपटून बघायची युक्ती मस्त. आणि तुझं विजेचं म्हणणं मला पटलं गं, आमच्याकडे गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा चहासुद्धा करता आला नाही.

श्रीरंग_टोरंटो | मंगळवार, रात्री ९:०५

अभिनंदन. आच आधीच्या एडिसनपेक्षा थोडी कमी वाटली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, बऱ्याच मोठ्या बर्नरांचा प्रोपेनवरचा बीटीयू आकडा कंपनी स्वतःच कमी देते. आमचा १८,००० चा १५,००० झाला. फोडणीला किंचित फरक जाणवतो, बाकी काही नाही.

नाना_चिंचवड | बुधवार, सकाळी ७:३०

ओवी, आनंद झाला. काम नीट करून घेतलंत.

तीन गोष्टी अजून. किटमध्ये एक स्टिकर येतो, ही शेगडी प्रोपेनवर केली आहे असा, तो शेगडीच्या मूळ पट्टीशेजारी लावला का बघा. पुढे कधी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तेवढाच आधार असतो. दुसरं, गॅसचा डिटेक्टर घेणार असाल तर प्रोपेनसाठीचा घ्या आणि जमिनीजवळ लावा. नॅचरल गॅसचा छताजवळ लावतात, प्रोपेनचा तिथे लावून उपयोग नाही. तुमच्याकडे बेसमेंट असेल तर एक तिथेही, गॅस गळला तर उतरून तिथेच जातो. कधी वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

तिसरं, जुनी जेटं टाकली नाहीत ना?

ओवी_पोकोनोज | बुधवार, रात्री ९:२०

नाना, स्टिकर पिशवीत तसाच होता, आज लावला. डिटेक्टर दोन मागवलेत, एक स्वयंपाकघरात सॉकेटला खाली, एक बेसमेंटला.

आज आईने परत ज्वारीचं पीठ मळलं. तवा तापायला नेहमीइतकाच वेळ. भाकरी थापली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग तवा बाजूला करून जाळावर धरली. आधी मधे एक टपोरा फुगा आला, मग तो कडेकडेने पसरत गेला आणि अख्खी भाकरी टम्म. आईने चिमट्याने उचलून मला दाखवली, दोन्ही बाजूंनी, कडेला कुठे काळं नाही. तव्याच्या पाठीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मग सिमवर भात ठेवला, पंचवीस मिनिटं, तळ पांढरा.

जुनी जेटं आहेत. आईने ती औषधाच्या रिकाम्या डबीत घालून, डबीवर चिकटपट्टी लावून, तिच्या शाळेतल्या अक्षरात लिहून ठेवलंय: "पाईपच्या गॅसची जेटे, नग ५. टाकू नयेत." डबी मसाल्याच्या कप्प्यात हिंगाशेजारी आहे.

केळशीकर | गुरुवार, सकाळी ६:५०

आमच्या वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आपल्या ड्रिल मारलेल्या जेटांची डबी कुठंय. शोधतोय.